दिवाणातला माल

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डायरेक्ट सेलिंगमध्ये आहे: कंपनीचा माल विकायचा आणि आपल्याखाली नवी माणसं जोडायची; त्या साखळीला आम्ही लाइन म्हणतो. प्रश्न ठरलेला असतो: “ताई, तुमची लाइन अजून चालू कशी? आमचा माणूस तिसऱ्या महिन्यात फोन उचलायचा बंद होतो.” विचारणारी बहुतेक वेळा नवी लीडर असते आणि तिला एखादा मंत्र हवा असतो. माझ्याकडे तो नाही. १४ वर्षांत मी स्वतः ज्या ४३ जणांचे आयडी लावले, म्हणजे कंपनीत नावं नोंदवली, त्यातले आज ११ उरलेत. त्यामुळे माणसं टिकतात कशी यापेक्षा गळतात कशी, हे मला जास्त नीट सांगता येईल.

सुरुवात कराडला झाली. शंभर नावांची लिस्ट काढायला सांगितली होती. मी सरळ लग्नातली आहेराची वही उघडली. ज्यांनी मला ताट-वाटी दिली होती, त्या सगळ्यांना प्लॅन, म्हणजे माल विकून आणि माणसं जोडून कमाई कशी होते ते, दाखवला. निम्म्या बायका भिडेखातर आल्या. भिडेखातर आलेलं माणूस भिडेखातरच महिना-दोन महिने थांबतं, हे कळायला मला दोन वर्षं लागली. कोणी ढिलं पडलं की अपलाइन, म्हणजे लाइनीतले माझ्या वरचे लोक, म्हणायचे, “सेमिनारला आणा, चार्ज होईल.” मग आम्ही एसटीने कोल्हापूर, पुणे. टाळ्या, गाणी, स्टेजवर कोणाच्या तरी गाडीचा फोटो. चार्ज व्हायचं खरंच. पंधरा दिवस टिकायचं. तिकिटाचे आणि जेवणाचे पैसे मात्र ज्याचे त्याने भरलेले असायचे, तेही त्याच्या डोक्यात राहायचे.

मग आमच्या गल्लीतल्या एका वहिनी मला मंडईत बघून चक्क मागे वळल्या. रोज ज्यांच्या घरी माझा चहा व्हायचा, त्या. संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. काही न बोलता त्यांनी दिवाणाची फळी उचलली. आत टूथपेस्टच्या अकरा ट्यूबा, भांड्यांच्या लिक्विडच्या सहा बाटल्या, प्रोटीनचे तीन डबे. एका डब्याची तारीख उलटून गेलेली. दर महिन्याच्या क्लोजिंगला, म्हणजे खरेदीवर मिळणाऱ्या पॉइंटांचा हिशोब बंद होताना, मी फोन करायचे, “वहिनी, तेवढे पॉइंट पूर्ण करून टाका ना,” आणि त्या करत होत्या. माझ्या कागदावर त्या ॲक्टिव्ह होत्या. त्यांच्या घरात माल साठत होता.

तो माल मी उचलला, चांगला होता तेवढा माझ्या गिऱ्हाइकांना खपवला, उरलेल्याचे पैसे माझ्याकडून दिले. घरी बोलणी खाल्ली.

तेव्हापासून माझा एकच हिशोब आहे. माणूस सोडून गेला की त्याची जिद्द कमी पडली असं मी म्हणत नाही, त्याचा माल कोणी घेतला ते विचारते. ज्या ११ जणी टिकल्या, त्यातल्या प्रत्येकीकडे लाइनीबाहेरची गिऱ्हाइकं आहेत. आयडी नको, प्लॅन नको, नुसतं भांड्यांचं लिक्विड द्या म्हणणारी. कोणाच्या भिशीतल्या बायका, कोणाच्या शाळेतल्या शिक्षिका. गेलेल्यांपैकी बहुतेकींकडे एकही नव्हतं. त्या स्वतःच गिऱ्हाईक होत्या, तेही पॉइंटांसाठी.

दुसरं कारण उधारी, आणि त्यावर स्टेजवरून कोणी बोलत नाही. नणंदेने आठशेची क्रीम नेली, पैसे “पुढच्या महिन्यात.” नणंदेकडे मागणार कसे? असे तीन पुढचे महिने झाले की कमिशन तर सोडाच, भांडवलही जातं आणि नातं अवघडतं. म्हणून मी नव्या बाईला सांगते, पहिली दोन गिऱ्हाइकं नात्यातली नकोत.

आणि बाहेरची पाच गिऱ्हाइकं झाल्याशिवाय दुसरा माणूस जोडायचा नाही. यावर माझे अपलाइन अजून चिडतात, कारण त्यांची रँक माणसं जोडण्यावर आहे. पण गणित करून बघा. प्रत्येकाने सहा जोडायचे म्हटलं तर दहाव्या पायरीवर सहा कोटी माणसं लागतात, अकराव्या पायरीवर ३६ कोटी. २०११ च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींच्या आत होता. अमेरिकेत १९७९ साली ॲमवे या आमच्यासारख्याच धंद्यातल्या कंपनीवरच्या खटल्यात फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ही पिरॅमिड योजना (मालावर नाही, नुसती माणसं जोडण्यावर चालणारी) नाही असा निर्णय दिला, तेव्हाही बघितलं होतं ते हेच: घेतलेल्या मालातला ७० टक्के माल खपवल्याशिवाय बोनस नाही, महिन्याला दहा वेगवेगळी गिऱ्हाइकं हवीत, आणि न खपलेला माल परत घ्यायची सोय. म्हणजे माझी अट काही मी शोधून काढलेली नाही.

आपल्याकडे डिसेंबर २०२१ पासून डायरेक्ट सेलिंगचे नियम आहेत. जॉइनिंगची फी घेता येत नाही, आणि ठरावीक मुदतीत दंड न भरता बाहेर पडता येतं. हे मी आयडी लावायच्या आधी सांगते. दार उघडं आहे हे माहीत असलेली बाई उलट निवांत बसते, असा माझा अनुभव. माझं उत्पन्नही सांगते: चांगला महिना असला तर साडेतीन हजार, पेट्रोल वजा न करता. हे ऐकून काहीजणी तिथेच उठतात. उठू देते. चहा मात्र पिऊन जा म्हणते.

त्या वहिनी परत लाइनीत आल्या नाहीत. मी विचारलंही नाही. दर दोन महिन्यांनी लिक्विडची एक बाटली नेतात, रोखीने. परवा म्हणाल्या, “दिवाणात आता गाद्या ठेवल्यात,” आणि सुट्टे दहा रुपये मोजून घेतले.