सावकाराचे व्याज आणि कायद्याचा हिशेब

एकदा कागदावर सही केली की ठरलेले व्याज द्यावेच लागते, असा समज ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या छोट्या दुकानदारांमध्ये इतका पक्का बसला आहे की पतपेढीत हिशेब तपासण्याचे काम करताना तो मला जवळजवळ रोज ऐकावा लागतो. कायदा तसे मानत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार राज्य शासनाने व्याजाचे कमाल दर ठरवून दिले आहेत. शेतकऱ्याला दिलेल्या तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण कर्जावर १२ टक्के. बिगरशेती कर्जाला तारण असल्यास १५ आणि नसल्यास १८ टक्के. त्याहून चढ्या दराचा करार वैध ठरत नाही आणि दिवाणी न्यायालय त्या दराने हुकूमनामा देत नाही.

ही भूमिका आपल्या मुलखात जुनी आहे. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना रोख्यावरच्या आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. दामदुपटीचा नियम तर त्याहून कितीतरी जुना. एका वेळी वसूल होणारे थकीत व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही, हा हिंदू कायद्यातला नियम जुन्या मुंबई इलाख्यात चालत आला आणि तो गहाण व्यवहारांनाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितले.

परंतु दामदुपटीची एक मर्यादा लोकांच्या लक्षात येत नाही. हा नियम थकलेल्या व्याजापुरता आहे. जो कर्जदार दर महिन्याला मुकाट्याने व्याज भरत राहतो, त्याने एकूण भरलेले व्याज मुद्दलाच्या दुप्पट झाले तरी दामदुपट त्याच्या मदतीला येत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे भरणाराच उघडा पडतो. त्याला आधार आहे तो दराच्या मर्यादेचा.

कळव्यात शिवणकामाचे दुकान चालवणाऱ्या एका ताईंची वही मी ओळीने वाचली. सावकाराने ५०,००० रुपये 'दहा टक्क्यांनी' दिले. बाजारात टक्का महिन्याचाच धरतात. म्हणजे वर्षाला १२० टक्के. पहिल्या महिन्याचे ५,००० कापून हातात ४५,००० ठेवले. पुढे १४ महिने ताईंनी दरमहा ५,००० दिले, एकूण ७०,०००, आणि तरीही "मुद्दल तसंच आहे" हे उत्तर ठरलेले. आता हाच व्यवहार कायद्याने मोजू. मुद्दल म्हणजे प्रत्यक्षात दिलेली रक्कम, म्हणून ४५,०००. विनातारण १८ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचे व्याज होते ६७५ रुपये, आणि उरलेले ४,३२५ मुद्दलातून वजा व्हायला हवेत. या रीतीने हे कर्ज दहाव्या हप्त्यातच फिटते आणि २१,००० रुपयांहून अधिक रक्कम ताईंनी जास्तीची भरलेली आहे. हे गणित कागदावर मांडून दाखवले तेव्हा त्या बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मला मात्र संताप आवरणे कठीण गेले, कारण हे गणित कोणत्याही सातवीच्या मुलाला जमावे असे आहे.

मंडईतला रोजच्या वसुलीचा प्रकार याहून फसवा. हातात ८,५०० द्यायचे आणि १०० दिवस रोज १०० रुपये गोळा करायचे. वरवर पाहता फक्त १,५०० रुपये व्याज दिसते. पण मुद्दल रोज परत जात असल्यामुळे वार्षिक दर १२० टक्क्यांच्या आसपास पडतो.

मग इतका स्पष्ट कायदा असताना माणसे का भरडली जातात? माझ्या मते, सावकार मुळात न्यायालयाच्या दारात जातच नाही. कर्ज देतेवेळी परवाना नसेल तर न्यायालय सावकाराच्या बाजूने हुकूमनामा देऊ शकत नाही, आणि विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. म्हणून दाव्याऐवजी कोरा धनादेश घेऊन ठेवायचा आणि तो न वटल्याच्या खटल्याची भीती घालायची, असा रस्ता निघाला आहे. तिथेही कर्जदार अगदीच निराधार नाही. समोरची व्यक्ती परवान्याशिवाय सावकारीचा धंदाच करते, हे दाखवता आले तर ते येणे कायदेशीर नाही असा बचाव घेता येतो. मात्र ओळखीत एखाद्या वेळी दिलेले हातउसने म्हणजे सावकारी नव्हे. अनेकांना, व्याजाने, सातत्याने पैसे दिल्याचे दाखवावे लागते. बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तसंस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत, त्यामुळे त्यांच्याविरुद्धची तक्रार इथे चालत नाही.

पुरावा इथेच महत्त्वाचा ठरतो. सावकार रोखीचा आग्रह धरतो. तरी शक्य तितके हप्ते बँक खात्यातून किंवा मोबाइलवरून पाठवावेत, कारण तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते. रोखीने दिल्यास पावती मागावी. पावती आणि हिशेबाचा उतारा देणे परवानाधारक सावकारावर बंधनकारक आहे. तक्रार सहकार खात्याच्या तालुका सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्यावी. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरच्या रहिवाशांसाठी ते ठाणे जिल्ह्याचे कार्यालय. खारघर, कामोठे, पनवेलकरांसाठी रायगडचे. सोबत वहीच्या पानांच्या प्रती आणि खात्याचा उतारा जोडावा, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.