रांग कुठे होती?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पुण्याहून फोन आला की, किंवा इथे अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये, आपल्या कुणाकडे जेवायला जमलो की हा प्रश्न निघतोच: "आपण ग्रीन कार्डासाठी वर्षानुवर्षं रांगेत थांबतो, मग हे मेक्सिकन लोक का थांबत नाहीत?"

शेतमजुरासाठी रांग होती कुठे? टूसॉन तर 1854 पर्यंत मेक्सिकोतच होतं. सीमेवर गस्तीचं दल आलं 1924 साली, आणि परवानगीशिवाय येणं गुन्हा ठरलं 1929 साली. पुढे 1942 ते 1964 या काळात अमेरिकेनेच मेक्सिकन मजुरांना बोलावून सुमारे 46 लाख करार केले. 'ब्रासेरो' म्हणत त्यांना. मग ती योजना बंद झाली, आणि 1976 च्या कायद्याने मेक्सिकोच्या वाट्याला वर्षाला जेमतेम 20,000 व्हिसा आले. शेतं तीच, माणसं तीच. कागद तेवढा गेला.

तरीही लोक येत, हंगाम संपला की घरी जात. ही ये-जा मोडली ती 1993 साली एल पासोत आणि 1994 साली सॅन डिएगोत नाकाबंदी झाल्यावर. शहरांतून वाट बंद केली की वाळवंटाला घाबरून कुणी येणार नाही, असा सरकारचा हिशोब होता. लोक वाळवंटातून आले. तहानेने, उन्हाने मेले. आमच्या पीमा काउंटीच्या शवागारात अजूनही ओळख न पटलेले सांगाडे आहेत. जे पोचले त्यांनी परत जायचं धाडसच केलं नाही. 'कोयोते'ला, म्हणजे सीमेपार नेणाऱ्या दलालाला, पुन्हा पैसे कुठून द्यायचे? त्यांनी बायकामुलांनाच इकडे आणलं. देशभरातले कागद नसलेले लोक 1990 साली अंदाजे 35 लाख होते, 2007 साली 1.2 कोटी. कुंपणाने माणसं बाहेर राहिली नाहीत, आत अडकली. मला हे फार जाचतं.

माझे बाबा गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी मी पुण्यात होते. आमच्या गल्लीत झाडं छाटायला येतो त्याची आई मेक्सिकोतल्या नोगालेसला असायची, सीमेला लागून, इथून गाडीने तासाभरावर. ती गेली तेव्हा तो गेला नाही. 1996 च्या कायद्यानुसार, वर्षाहून जास्त कागदांविना राहिलेला माणूस देशाबाहेर पडला की दहा वर्षं त्याला प्रवेश नाही. त्याच्या मुली इथल्या शाळेत आहेत, धाकटी दुसरीत.