वृत्त ओळखणारा प्रोग्राम : पायथनकडून रस्टकडे (नोंद तिसरी)

आधीच्या दोन नोंदी वाचलेल्यांना आठवत असेल की, मराठी चरणाचे लघुगुरू (कोणते अक्षर हलके, कोणते जड) लावून त्याचे वृत्त सांगणारा हा प्रोग्राम मी पायथन या संगणकभाषेत सुरू केला होता आणि त्याची कसोटी घेण्यासाठी आजोबांच्या कवितांच्या वहीतील ३४० चरण टंकून घेतले होते. आजोबांची सगळी हयात इंदुरात गेली, त्यांच्या बहुतेक रचना शार्दूलविक्रीडितात किंवा भुजंगप्रयातात आहेत, आणि या वहीची शुद्ध प्रत घरातल्या प्रत्येकाला वाचता यावी एवढाच या खटाटोपाचा हेतू आहे. गेल्या दीड महिन्यात मी तो सगळा कोड रस्ट या दुसऱ्या संगणकभाषेत नव्याने लिहिला. त्यात काय साधले आणि काय अडले, ते येथे मांडतो.

नव्याने लिहिण्याचा निर्णय सहज झाला नाही. लोकमान्यनगरातील आमच्या घरी रविवारी सकाळी आम्ही चौघे जमतो. चौघेही कोड लिहून पोट भरणारे आणि चौघांची मते चार दिशांना. पोहे संपेपर्यंत गप्पा घरगुती असतात, त्यानंतर वाद भाषांवर येतो. रस्टचा आग्रह धरणाऱ्या मित्राने अमेरिकेच्या व्हाइट हाउसमधील सायबर कार्यालयाचा फेब्रुवारी २०२४ मधील अहवाल पुढे केला, ज्यात स्मृतीच्या दृष्टीने सुरक्षित भाषांकडे, म्हणजे संगणकाची स्मृती हाताळतानाच्या चुका मुळातच होऊ न देणाऱ्या भाषांकडे, वळण्याचे आवाहन आहे. अहवाल महत्त्वाचा आहे, परंतु त्याचा रोख मुख्यतः सी आणि सी++ या जुन्या भाषांवर आहे. पायथन किंवा गो (आमच्या वादातली तिसरी भाषा) सोडून रस्टकडे जाण्याचे कारण त्यातून मिळत नाही, कारण त्या दोन्ही भाषांत स्मृतीची जबाबदारी प्रोग्रामरच्या हाती मुळात दिलेलीच नाही. पायथनच्या बाजूने बोलणाऱ्याने ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीतील, जागतिक कुलुपाशिवाय (एका वेळी कोडचा एकच धागा चालू देणाऱ्या बंधनाशिवाय) चालणाऱ्या प्रायोगिक बांधणीचा दाखला दिला. माझे ३४० चरण पायथनमध्येही पापणी लवण्याच्या आत तपासून होतात, त्यामुळे वेगाचा मुद्दा माझ्यापुरता येथेच संपला.

गोचा पक्ष मात्र वजनदार होता. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या टाइपस्क्रिप्ट या भाषेचा कंपायलर (लिहिलेला कोड तपासून त्याचे रूपांतर करणारा प्रोग्राम) गोमध्ये नेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच सी# या भाषेचे जनक अँडर्स हेल्सबर्ग यांनीच सी# किंवा रस्ट न निवडता गो निवडल्याचे पाहून पुष्कळांना नवल वाटले होते. त्यांनी दिलेले कारण आमच्या वादात फार उपयोगी ठरले. त्यांना कंपायलर नव्याने रचायचा नव्हता, तर असलेला कोड त्याच रचनेनिशी दुसऱ्या भाषेत उतरवायचा होता. एकमेकांकडे बोट दाखवणाऱ्या नोंदींची जाळी आणि आपोआप होणारी स्मृतीची सफाई गृहीत धरलेल्या त्या कोडला गोची ठेवण जवळची होती. मित्राने हे सांगितल्यावर मी स्वतःला विचारले की, मला माझा कोड उतरवायचा आहे की नव्याने रचायचा आहे? उत्तर स्पष्ट होते. पायथनमधील माझी रचनाच चुकली होती.

ती कशी चुकली, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, तो सहा कोड पॉइंटचा (क्रमांकांचा) आहे : स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यांपैकी प्रत्येकाला तीन बाइट लागतात. त्यामुळे लांबी विचारली तर पायथन, जावा आणि जावास्क्रिप्ट ६ सांगतात, तर गो आणि रस्ट १८ सांगतात. गोच्या मित्राने येथे अभिमानाने आठवण करून दिली की, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ रचले आणि पुढे गोच्या तीन मूळ निर्मात्यांत हेच दोघे होते. हे खरेच आहे. तरीही छंदशास्त्राला हवे असलेले उत्तर १ आहे, आणि ते यांपैकी कोणतीही भाषा लांबीच्या साध्या प्रश्नाला देत नाही.

सप्टेंबर २०२३ मधील युनिकोड १५.१ ने अक्षरगट (वाचकाला एकच अक्षर वाटणारे चिन्हांचे गट) तोडण्याच्या नियमांत एक भर घातली, जिच्यामुळे देवनागरी, गुजराती, बंगाली आदी लिप्यांतील जोडाक्षर मध्येच तुटत नाही. त्यापूर्वी त्याच नियमांनी ‘स्त्री’चे तीन तुकडे होत. रस्टच्या मानक लायब्ररीत अक्षरगटांची सोय नाही, म्हणून मी त्यासाठीचे स्वतंत्र क्रेट (रस्टमधील तयार कोडचे पुडके) घेतले आणि अर्धे काम झाले असे समजून चाललो. तसे झाले नाही. ‘क्वचित्’ या शब्दाचे तीन गट मिळतात, पण शेवटचा ‘त्’ हे छंदातले अक्षर नव्हे. तो मागच्या ‘चि’ला गुरू करून स्वतः मोजणीतून बाहेर पडतो. तेव्हा गटांवर आणखी एक थर मला स्वतःच लिहावा लागला.

खरी कसोटी पुढे होती. संस्कृतात जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू होते. मराठीत मात्र त्या अक्षरावर आघात येत असेल तरच. ‘सर्व’मधील ‘स’ गुरू आहे, पण ‘तुम्ही’मधील ‘तु’, ‘उन्हाळा’मधील ‘उ’ आणि ‘दऱ्या’मधील ‘द’ लघूच राहतात. पायथनच्या आवृत्तीत मी म्ह, न्ह, ल्ह, ऱ्य, ऱ्ह अशी अपवादांची यादी केली होती आणि ती पुरेशी आहे असे धरले होते. मग वहीत ‘चिन्ह’ हा शब्द आला. त्यातही ‘न्ह’च आहे, पण ‘चि’वर आघात येतो आणि ते गुरू होते. नुसती लिपी पाहून हा निर्णय करता येत नाही, हे मला त्या दिवशी पटले.

म्हणून नव्या रचनेत अक्षराचे तीन प्रकार ठेवले : लघू, गुरू आणि संदिग्ध. संदिग्ध अक्षर दोन्ही प्रकारे लावून पाहायचे आणि एखादे वृत्त जुळले तर ते स्वीकारायचे. रस्टचा खरा लाभ येथे झाला. प्रकारांच्या यादीत ‘संदिग्ध’ची भर घालताच कंपायलरने सात ठिकाणे दाखवली जेथे मी दोनच शक्यता हाताळल्या होत्या, पायथनमध्ये यांपैकी दोन ठिकाणी संदिग्ध अक्षर निमूटपणे गुरू धरले गेले असते. पायथनच्या मित्राने टाइप (कोडमधील मूल्यांचे प्रकार) तपासणारे साधन लावून हीच खबरदारी तेथेही घेता येते हे दाखवले, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. फरक इतकाच की, ते साधन आठवणीने लावावे लागते. गोमध्ये मात्र अशा प्रकारांची सर्व शक्यता हाताळल्याची तपासणी कंपायलर करीत नाही, आणि माझ्या कामासाठी ही उणीव मला मोठी वाटते.

वृत्तांचे कोष्टक करताना विशेष आनंद मिळाला. तीन अक्षरांचा गण, प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणून गण बरोबर आठ. गुरूला १ आणि लघूला ० मानले की ‘य’ गण ०११ होतो आणि भुजंगप्रयात म्हणजे तोच चार वेळा. शार्दूलविक्रीडिताची म, स, ज, स, त, त हे सहा गण आणि ग म्हणजे एक गुरू मिळून होणारी एकोणीस अक्षरे बत्तीस बिटांच्या एका संख्येत आरामात मावतात, आणि वृत्त ओळखणे म्हणजे दोन संख्यांची तुलना एवढेच उरते. येथे एक बग शिरला होता : चरण लघूने सुरू होत असेल तर संख्येच्या आरंभीच्या शून्याला किंमत राहत नाही, म्हणून पहिले अक्षर गळालेला भुजंगप्रयाताचा चरणही उत्तीर्ण होत होता. प्रत्येक संख्येच्या आधी एक जादा १ लावून तो दूर केला.

टंकलेखनातील एक गोष्टही नोंदवून ठेवतो, कारण असे काम करणाऱ्या प्रत्येकाला ती भेटेल. ‘दऱ्या’ दोन रीतींनी साठवता येते : ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त वापरून, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक (शेजारची चिन्हे जोडून दाखवायला सांगणारे चिन्ह) घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोडचे प्रमाणीकरण, म्हणजे समान लेखनांना एकच रूप देण्याची क्रिया, त्यांना एक करीत नाही. मी वाचनाच्या पायरीवरच दुसरी रीत पहिलीत बदलून घेतो.

आजची स्थिती अशी आहे : ३४० पैकी ३३१ चरण जुळले. उरलेल्या नवांपैकी पाच माझ्या टंकनाच्या चुका होत्या, त्या मूळ वही पाहून दुरुस्त केल्या. तीन चरणांचा शेवट लघूने होतो. चरणान्तीचा लघू गुरू मानण्याची सवलत छंदशास्त्रात आहे, ती अजून कोडमध्ये घालायची आहे. नववा चरण शार्दूलविक्रीडिताचा असून बाराव्या अक्षरावरच्या यतीनंतर (विरामानंतर) त्यात एक अक्षर कमी भरते. तेथे वहीची शाई पसरली आहे आणि शब्द ‘मन’ आहे की ‘मनी’ आहे हेही कळत नाही. त्याच कवितेची आजोबांनी पाठवलेली दुसरी प्रत ग्वाल्हेरला आत्याकडे आहे. त्या पानाचे छायाचित्र तिने या आठवड्यात पाठवायचे कबूल केले आहे.