तुम्ही विचारलंत म्हणून: साताऱ्यात राहून उत्तरेकडच्या समुद्राची सूची कशासाठी?

साताऱ्याहून समुद्र गाठायचा तर कुंभार्ली घाट उतरून गुहागरला जावे लागते, आणि तोही समुद्र उबदार. मग नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंड यांच्या भोवतालच्या थंड पाण्यातील प्राण्यांची मराठी सूची करण्यात निवृत्तीनंतरचा वेळ का घालवता, असे माझे जुने विद्यार्थी मला नेहमी विचारतात.

या कामाचा मोठा भाग बोटीवर नव्हे, टेबलावरच होतो. ओटो फॅब्रिसियस हा धर्मप्रसारक ग्रीनलंडमध्ये राहिला, तेथील शिकाऱ्यांकडून शिकला आणि 1780 मध्ये त्याने तेथील प्राण्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात त्याने स्थानिक नावेही दिली, याबद्दल मला त्याच्याविषयी विशेष आदर वाटतो. तेव्हापासून साचलेल्या नावांपैकी कोणती एकाच प्राण्याची आहेत, हे ठरवणे हे सूचीकाराचे खरे काम आहे.

लिटोरिना सॅक्सॅटिलिस ही किनाऱ्यावरील खडकांवर राहणारी लहानशी गोगलगाय घ्या. जेथे खेकडे फार, तेथे तिचा शंख मोठा आणि जाड होतो. जेथे लाटांचा मारा असतो, तेथे तो लहान, पातळ आणि रुंद तोंडाचा होतो. प्रत्येक रूप वेगळी जाती समजून अभ्यासकांनी तिला शंभराहून अधिक नावे दिली, आणि अखेर अग्रहक्काच्या, म्हणजे सर्वांत आधी दिलेले नाव टिकते या नियमानुसार ओलिव्हीने 1792 मध्ये दिलेले नाव ग्राह्य ठरले.

उलट गफलत, म्हणजे दोन जाती एकाच नावाखाली जाणे, अधिक घातक असते. कॅलॅनस फिनमार्किकस या तांदळाच्या दाण्याएवढ्या कवचधारी प्राण्यापासून कॅलॅनस ग्लेशियालिस ही जाती 1955 मध्ये वेगळी केली गेली. त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदींत फिनमार्किकस असे लिहिलेले असले, तरी तो प्राणी नेमका कोणता होता, हे त्या नावावरून ठरवता येत नाही. दोघांचे आकारमान एकमेकांत मिसळत असल्याने आजही खात्रीसाठी जनुकीय तपासणी करावी लागते. एक जाती अटलांटिकच्या पाण्याची आणि दुसरी आर्क्टिकची असल्यामुळे, कोणते पाणी कोठवर पोहोचले हे समजण्यासाठी हा भेद पाळावाच लागतो.

स्वालबार्ड या नॉर्वेच्या उत्तरेकडील आर्क्टिक द्वीपसमूहाच्या किनाऱ्यावर 2004 मध्ये निळी शिंपली जिवंत सापडली. सुमारे हजार वर्षांपूर्वी ती तेथून नाहीशी झाली होती, हे जुन्या थरांतील शिंपल्यांवरून ज्ञात होते, म्हणूनच ती नव्याने आलेली नसून परतली आहे, असे म्हणता आले. समुद्र तापत असताना अशा नोंदी मराठी वाचणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्याच्या भाषेत मिळाव्यात, यासाठी मी हे काम करतो.