आठवी पट्टी गायब

दोन लॅबचे दोन रिपोर्ट टेबलावर ठेवून त्या पेशंटच्या मोठ्या भावाने मला विचारलं, "ताई, यातला खोटा कुठला?" एकात रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधापुढे 'आर' होतं, म्हणजे रेझिस्टंट, जंतू औषधाला दाद देत नाही; दुसऱ्यात 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं. दोन्ही नमुने एकाच महिन्यातले, एकाच माणसाचे. मला पक्कं माहीत होतं की दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. हे त्याला कसं सांगायचं ते मात्र कळेना.

खरं तर आमच्या लॅबमध्ये पेशंट किंवा नातेवाईक येत नाहीत. येतात ते थुंकीचे नमुने: धार, झाबुआ, अलीराजपूर, बडवानी, खरगोन, सगळीकडून इंदूरला. फाल्कन ट्यूब, तिच्या झाकणाला गुंडाळलेली पॅराफिल्म, बाहेर झिपलॉक, आणि मग आइसपॅक घातलेला थर्माकोलचा डबा. मे महिन्यात गंगवाल बस स्टँडला उतरेपर्यंत त्या आइसपॅकचं कोमट पाणी झालेलं असतं. निम्म्या नमुन्यांमध्ये बेडका नसून नुसती लाळ असते. पेशंटला दोन मिनिटं उभं करून "खोल श्वास घे, आतून खाकरून काढ" एवढं सांगायला सेंटरवर कुणाला वेळ नसतो, आणि नंतर 'रिपोर्ट का आला नाही' म्हणून फोन मात्र त्यांचाच पहिला.

लोकांना वाटतं, मायक्रोस्कोपखाली लाल काड्या दिसल्या की टीबीची तपासणी झाली. तो सगळ्यात सोपा भाग. या जंतूवर कुठलं औषध चालेल हे विचारायचं तर तो जिवंत वाढवावा लागतो, आणि तो भलताच संथ. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला वीसेक तास लागतात. तोवर थुंकीतले बाकीचे जंतू ट्यूब खाऊन टाकतील, म्हणून आधी नमुन्यात कॉस्टिक सोडा घालून त्यांना मारायचं. पंधरा मिनिटं. कमी ठेवला तर कंटॅमिनेशन, जास्त ठेवला तर टीबीचा जंतूही मरतो. मग बफर, मग सेंट्रिफ्यूज, मग तळाशी बसलेला पांढुरका पेलेट. नवीन मुलं घड्याळ लावून दुसऱ्या कामाला जातात. आमचे काका, ज्यांची रिटायरमेंट आता जवळ आलीय, बारा ट्यूबपेक्षा जास्त एका वेळी हातात घेत नाहीत. शेवटच्या ट्यूबमध्ये बफर जाईपर्यंत पहिलीची वेळ टळायला नको, हा त्यांचा हिशोब. त्यांच्या बॅचचं कंटॅमिनेशन सगळ्यात कमी असतं हे रजिस्टर उघडून कुणीही बघावं.

आता पेशंट. अलीराजपूरकडचा, तिशीतला. आधी गोध्र्याकडे गारगोटी दळणाऱ्या कारखान्यात कामाला होता. आमच्या भागातल्यांना यापुढे सांगावं लागत नाही. त्या पांढऱ्या धुळीने झाबुआ-अलीराजपूरची गावंच्या गावं पोखरली. प्रकरण मानवाधिकार आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सिलिकोसिस झालेल्या फुफ्फुसात टीबी लवकर शिरतो आणि उशिरा निघतो. याने इंदूरच्या एका खाजगी डॉक्टरकडे पाच महिने साधी टीबीची औषधं घेतली, आणि खोकला तसाच. मग जिल्हा रुग्णालयात सीबीनॅट ही जंतूचा जीन तपासणारी झटपट चाचणी झाली: रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स डिटेक्टेड. भावाचा विश्वास बसेना. त्याने पुन्हा खाजगी लॅबमध्ये कल्चर, म्हणजे जंतू वाढवून करायची तपासणी, करून घेतलं. पैसे कुठून आणले ते मी विचारलं नाही. तिथून उत्तर आलं: चारही औषधं सेन्सिटिव्ह. झालं. भाऊ म्हणाला, औषध बदलायचं नाही. आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा मला फोन, आवाज चढलेला: "मॅडम, तुम्ही लॅबवाले आधी आपसात ठरवा, मग आम्हाला सांगा!"

आमच्याकडे आलेल्या नमुन्यावर मी एलपीए लावली होती. त्यात जंतूचा डीएनए वाढवून आइस्क्रीमच्या काडीएवढ्या एका पट्टीवर सोडतात. रिफॅम्पिसिन ज्या प्रोटीनवर काम करतं त्याच्या जीनचा, म्हणजे आरपीओबीचा, कळीचा भाग आठ तुकड्यांत त्या पट्टीवर असतो, डब्ल्यूटी १ ते डब्ल्यूटी ८. जीन मूळ स्वरूपात असेल तर आठही रेषा उमटतात. बदल झाला असेल तर त्या जागची रेषा जाते, आणि बदल नेहमीच्या चारांपैकी असेल तर खाली म्यूटची, म्हणजे म्युटेशनची, रेषा उगवते. सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार म्हणजे आठवी गेली आणि म्यूट ३ आली. तो रिपोर्ट झोपेतही लिहिता येतो.

इथे आठवी गेली होती. म्यूट ३ नव्हती. कुठलीच म्यूट नव्हती. पट्टी उजेडात धरली, तिरकी केली, बाजूला कंट्रोलची ठेवली. कंट्रोलच्या रेषा ठळक, या पट्टीवर सात रेषा स्वच्छ, आणि आठव्याच्या जागी कोरा कागद. नियम सांगतो की मूळ रेषा गेली म्हणजे तिथे काहीतरी बदललंय, रेझिस्टन्स गृहीत धरा. काय बदललंय ते पट्टी सांगत नाही. आयसोनायझिड या टीबीच्या दुसऱ्या मुख्य औषधाच्या दोन्ही जागा ठीक होत्या. म्हणजे एकटं रिफॅम्पिसिन, तेही अनोळखी कारणाने.

सर म्हणाले, "पुढे काही करायची गरज नाही. मॉलिक्युलरवर आर म्हणजे आर. एमजीआयटीच्या ट्यूब आहेत किती आणि तुम्ही वाया घालवणार!" नियमाने त्यांचं बरोबर होतं. पण तो खाजगी लॅबचा 'एस' माझ्या डोक्यातून जाईना. ती लॅब वाईट नाही. त्यांचे कल्चर मी पाहिलेत. मग मी एमजीआयटीत औषधांच्या चाचणीचा सेट लावला.

एमजीआयटी म्हणजे जंतू जिवंत वाढवून बघायची ट्यूब. तिची गंमत तिच्या बुडाशी आहे. ट्यूबच्या तळाला एक रसायन बसवलेलं असतं, ते ऑक्सिजन असेपर्यंत चमकत नाही. जंतू वाढला की ऑक्सिजन खातो, तळ चमकू लागतो, आणि मशीन दर तासाला ती चमक मोजून आकडा देतं, त्याला आम्ही जीयू म्हणतो. औषधाच्या चाचणीत एका ट्यूबमध्ये औषध नसतं आणि जंतू शंभरपट पातळ करून घातलेला असतो, ती कंट्रोल. बाकी ट्यूबमध्ये औषध आणि पूर्ण डोस जंतू. कंट्रोलचा जीयू ४०० झाला की मशीन बाकीच्यांकडे बघतं: १०० किंवा वर असेल तर आर, खाली असेल तर एस. म्हणजे शंभरात एखादा जंतू जरी औषधाला दाद देत नसला तरी पकडला जावा, हा त्यामागचा हिशोब.

रिफॅम्पिसिन किती घालायचं यालाही इतिहास आहे. वर्षानुवर्षं मिलीलिटरमागे १ मायक्रोग्रॅम होतं. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते ०.५ वर आणलं, कारण काही जंतू १ ला मरायचे आणि पेशंट मात्र बरे व्हायचे नाहीत. खाजगी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात १.० होतं. मला वाटलं, सापडलं उत्तर. मी ०.५ ने लावला. शेजारी एच३७आरव्ही, म्हणजे तुलनेसाठी आमचा ठरलेला, औषधांनी मरणारा सरळमार्गी स्ट्रेन, त्याच औषधाच्या त्याच बाटलीतून.

आठव्या दिवशी मशीनने निकाल दिला. एस.

"ताई, मशीन बोललं ना," काका म्हणाले, "सही करा आणि मोकळ्या व्हा."

आजकाल प्रिंटवरचं अक्षर बघून सही होते, आकडे कुणी वाचत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे आणि लॅबमधली मुलं त्यावरून माझी नक्कलही करतात. आयसोनायझिडचा जीयू ०. इथॅम्ब्युटॉल ०. रिफॅम्पिसिन ६१. एच३७आरव्हीच्या रिफॅम्पिसिनच्या ट्यूबमध्ये ०. शंभराच्या खाली म्हणून ६१ म्हणजे एस, आणि ० म्हणजेही एस. पण औषधाने खरोखर रोखलेला जंतू ६१ पर्यंत येईलच कशाला?

दोन्ही सेट टाकून न देता मी साध्या इनक्यूबेटरमध्ये ३७ डिग्रीला ठेवले आणि रोज यूव्ही दिव्याखाली बघत गेले. तीन-चार दिवसांत पेशंटच्या रिफॅम्पिसिनच्या ट्यूबचं बूड भडक नारिंगी झालं. एच३७आरव्हीचं काळंच.

सरांनी लगेच बोट ठेवलं, आणि योग्य जागी ठेवलं: "रिफॅम्पिसिन ३७ डिग्रीला इतके दिवस टिकत नाही. औषध विरलं, जंतू वाढला. यात सिद्ध काय झालं?" खरं आहे, विरतं. पण मग एच३७आरव्हीच्या ट्यूबमध्येही तेवढंच विरलं असणार. तिथे का नाही उगवला? त्याची कंट्रोल ट्यूबही त्याच दिवशी ४०० ला पोचली होती, म्हणजे जंतू कमी पडला असंही नाही. नारिंगी झालेल्या ट्यूबचा थेंब ब्लड अगारवर पसरला, ज्यावर बाकीचे जंतू चटकन उगवतात; काही उगवलं नाही, म्हणजे कंटॅमिनेशन नव्हतं. झेडएन रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर लाल काड्या वेणीसारख्या एकमेकींना बिलगलेल्या, टीबीच्या जंतूची ही खास सवय. टीबीचा जंतू ओळखणाऱ्या एमपीटी-६४ च्या कार्डावर रेषा आली. तो टीबीच होता, आणि रिफॅम्पिसिनमध्ये तो मरत नव्हता, नुसता रेंगाळत होता.

स्ट्रेन सिक्वेन्सिंगला, म्हणजे जीन अक्षर न् अक्षर वाचायला, वर पाठवला. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं: आरपीओबी, ४५२ वी जागा, ल्यूसीन या अमिनो आम्लाच्या जागी प्रोलीन. जुन्या पद्धतीत हीच जागा ५३३. अर्धे लोक ई. कोलायवरून मोजतात, अर्धे टीबीच्या जंतूवरून, ८१ चा फरक. एकाच म्युटेशनची दोन नावं घेऊन मीटिंगमध्ये दोघं भांडताना मी ऐकलंय. हे ४५२ जागतिक आरोग्य संघटनेच्या 'बॉर्डरलाइन' यादीत आहे: रेझिस्टन्स हलका, मशीनमध्ये कधी एस येतो, कधी आर, पण धरायचा आरच.

म्हणजे खाजगी लॅबने खोटं लिहिलं नव्हतं. आम्हीही नाही. रिपोर्टवर दोनच खाने आहेत, आणि हा जंतू बरोबर त्यांच्यामधल्या रेघेवर बसलेला. मी शेऱ्याच्या जागी सविस्तर लिहिलं. सॉफ्टवेअरने ते अर्ध्या वाक्यात तोडलं. मग वेगळ्या कागदावर लिहून सही-शिक्क्यानिशी डॉक्टरांना पाठवलं.

भाऊ आला होता तो सिक्वेन्सिंगच्या आधी, हातात फक्त ती पट्टी आणि नारिंगी ट्यूब असताना. त्याला जीयू सांगून काय उपयोग? मी म्हणाले, "दादा, दोन्ही खरे आहेत. या औषधाने तुमच्या भावाचा जंतू गुंगतो, मरत नाही. त्यांनी गुंगलेला बघितला, आम्ही उठलेला." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारलं, "म्हणजे पाच महिने घेतलेल्या गोळ्या फुकट?"

याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं, आजही नाही. नवा कोर्स सुरू झाला: बेडाक्विलिन, प्रीटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. त्याआधी मॉक्सिफ्लॉक्सासिन चालेल का ते बघायला गायरेसच्या जीनची पट्टी मीच लावली, ती पूर्ण उमटली होती. कल्चर आता निगेटिव्ह आहे. पण लिनेझोलिडने पायांची आग होते, रात्री झोपू देत नाही, असं डॉक्टरांकडून कळलं. बॉर्डरलाइनवाले काही पेशंट साध्या औषधांनीही बरे होतात. हा नाही झाला. पण का नाही झाला? जंतूमुळे? गारगोटीने दगड झालेल्या फुफ्फुसात औषध पोचलंच नाही म्हणून? की मधे तो पुन्हा कामावर गुजरातला गेला आणि गोळ्या चुकल्या म्हणून? भावाने तेही सांगितलं होतं, जाता जाता, दाराशी. माझ्या ट्यूबमध्ये यातली एकच गोष्ट मोजता येते.

डॉक्टरांनी आवाज चढवला म्हणून मला राग आला होता, तो आता नाही. त्यांना एक अक्षर हवं असतं, कारण त्यांना त्याच दिवशी गोळी द्यायची असते. राग आहे तो आमच्या गुणवत्ता तपासणीच्या पॅनलबद्दल. त्यात येणारे स्ट्रेन बहुतेक ठळक आर किंवा ठळक एस, सगळ्या लॅबना छान मार्क. असला एखादा रेघेवरचा पाठवा ना, मग बघू.

स्ट्रेन उणे ८० च्या फ्रीझरमध्ये आहे. ०.१२५, ०.२५, ०.५ आणि १ असे चार डोस शेजारी शेजारी लावायचे आणि दर तासाचे आकडे काढून ठेवायचे, एवढीच परवानगी मी मागितलीय. सर म्हणतात, नवीन किट आले की बघू. काकांनी एच३७आरव्हीचं ताजं सबकल्चर आधीच करून ठेवलंय.