सूड पहिल्याच कथेत संपतो

यंदाच्या पावसाळ्यात साताऱ्याला आठवडाभर ऊन दिसले नाही, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर मी ‘कुंग फू’ ही १९७२ ते १९७५ या काळातली अमेरिकन मालिका पुन्हा पाहायला घेतली. तिला सूडकथा म्हणतात खरे, पण तिच्यातला सूड पहिल्याच कथेत उरकतो. चीनच्या सम्राटाचा पुतण्या शाओलिन या बौद्ध मठातल्या आंधळ्या पो गुरूंवर भर रस्त्यात गोळी झाडतो, शिष्य केन तिथल्या तिथे त्याला ठार करतो, आणि पुढचे सगळे भाग डोक्यावर इनाम लागलेला फरारी म्हणून त्याने एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत पायपीट करण्यात जातात.

बौद्ध भिक्षूंसाठी विनयात, म्हणजे त्यांच्या आचारनियमांत, चार पाराजिक (सर्वांत गंभीर अपराध) सांगितले आहेत आणि मनुष्यहत्या हा त्यांपैकी एक. तो घडला की प्रायश्चित्ताला वाव उरत नाही, भिक्षुत्व तिथेच संपते. लोक केनला भिक्षू समजतात, पण या हिशेबाने तो त्याच क्षणी संघाबाहेर गेलेला आहे. हे ध्यानात ठेवून मालिका पाहू लागलो तेव्हा त्याचे ते गाजलेले मौन मला साधकाचे वाटेना. घरातून कायमचा बाहेर पडलेला माणूस जसा जपून बोलतो, तसे ते वाटू लागले.

अर्थात खरा शाओलिन मठही याबाबतीत फार सोवळा नव्हता. इ.स. ६२१ मध्ये तिथले तेरा भिक्षू, पुढे तांग सम्राट झालेल्या ली शिमिनच्या बाजूने लढले, आणि ७२८ सालच्या तिथल्या शिलालेखात त्या कामगिरीची नोंद आहे.

केनची भूमिका करणारा डेव्हिड कॅराडीन चिनी नव्हता आणि कुंग फूही शिकलेला नव्हता. हाणामारीत ते लपत नाही, म्हणून ते प्रसंग मी सरळ पुढे ढकलतो. थांबतो तो मठातल्या आठवणींपाशी. तुझ्या पायाशी असलेला नाकतोडा तुला ऐकू येतो का, असे आंधळे पो गुरू लहानग्या केनला विचारतात, आणि डोळस पोर गोंधळून खाली पाहते. मठाच्या प्रमुख गुरूंच्या तळहातावरचा खडा चपळाईने उचलता येईल त्या दिवशी मठ सोडायचा, असा तिथला दंडक.

मसूरकडच्या आमच्या गावातल्या तालमीत असा खडा नव्हता, पण वस्ताद होते. हौद्यातल्या मातीत ताक, हळद आणि तेल कालवण्यापासून शनिवारी मारुतीला रुईची माळ घालण्यापर्यंत सगळे त्यांच्या नजरेखाली चाले. एका जत्रेत समोरच्याने खोडी करून चितपट केले, म्हणून माझ्या थोरल्या चुलतभावाने पुढच्या जत्रेत त्याचा हात मोडण्याची भाषा केली. वस्तादांनी ती ऐकली आणि महिनाभर त्याला लंगोट लावू दिला नाही; रोज पहाटे येऊन नुसती माती उकरायची, एवढेच काम दिले. तो रडला, चिडला, पण येत राहिला.

मालिकेतला तो रस्त्यावरचा प्रसंग मी या वेळी दोनदा पाहिला. केनच्या हाताला धरून त्याला मागे ओढू शकेल असा तिथे एकच माणूस होता, आणि तोच रस्त्यावर कोसळलेला होता.