चार सह्या आणि एक ॲम्प्यूल

रात्रपाळीच्या एका स्टाफ नर्सने कॅन्यूला (शिरेत बसवलेली बारीक नळी) फ्लश करायला, म्हणजे सलाईन सोडून मोकळी ठेवायला, ट्रॉलीच्या ड्रॉवरमधून १० मिलिलिटरची प्लास्टिकची ॲम्प्यूल उचलली, सिरिंज भरली आणि टोचण्याआधी रिकाम्या ॲम्प्यूलवरचं नाव पुन्हा एकदा वाचलं. सलाईन समजून तिने केसीएल भरलं होतं. ती सिरिंज बाजूला ठेवून तिने दुसरी भरली. रुग्णाला काहीही झालं नाही. ड्युटी संपण्याआधी तिने स्वतःहून घटना-नोंदीचा फॉर्म भरून दिला.

केसीएल म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. १५ टक्क्यांच्या १० मिलिलिटर ॲम्प्यूलमध्ये जवळपास २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. मोठ्या बाटलीत मिसळून हातातल्या शिरेवाटे ताशी १० मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास सोडलं तर ते औषध. पातळ न करता एका दमात ढकललं तर काही मिनिटांत हृदय बंद पडू शकतं. अशा चुकीने जगभरात माणसं दगावली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय प्रसिद्ध केले, त्यात तीव्र इलेक्ट्रोलाइट (पोटॅशियमसारख्या क्षारांच्या) द्रावणांवर नियंत्रण ठेवणं हा एक होता.

रुग्णालयं चालवणाऱ्या वरिष्ठांना सुरक्षित कारभाराचं प्रशिक्षण देणं हे माझं काम. त्या दिवशीच्या सत्रात हाच फॉर्म, नर्सचं आणि रुग्णाचं नाव झाकून, टेबलावर ठेवला होता. समोर वैद्यकीय संचालक, मेट्रन, फार्मसीप्रमुख, खरेदीप्रमुख, वित्त अधिकारी आणि गुणवत्ता विभागाच्या प्रमुख. पाच मिनिटांत प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता उपाय लिहायचे होते. जमा झालेले कागद फळ्यावर लावले. नर्सला लेखी समज द्यावी, सर्व वॉर्डांना परिपत्रक काढावं, औषधवाटपाचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं, ‘लेबल तीनदा वाचा’ असा फलक लावावा. एकाच कागदावर ‘केसीएल तिथे होतंच कशाला?’ असं लिहिलेलं होतं, आणि तो कागद वित्त अधिकाऱ्यांचा होता.

उपायांची ताकद मोजायची एक सोपी पट्टी आहे. ज्यासाठी माणसाला काहीच लक्षात ठेवावं लागत नाही, तो उपाय सर्वांत बळकट: धोकादायक वस्तू जागेवरून हलवणं, चुकीच्या ठिकाणी बसणारच नाही असा नळीचा जोड, मर्यादेपलीकडचा वेग न स्वीकारणारा औषधाचा पंप. त्याखाली प्रमाणित पद्धत, तपासणी यादी, दिसायला सारखी औषधं वेगळी ठेवणं, कामाचा ताण कमी करणं. सर्वांत खाली प्रशिक्षण, सूचना, फलक, ताकीद. ही शेवटची जात निरुपयोगी नाही, पण एकटी टिकत नाही. पहाटे चारला, तीन रुग्णांच्या घंटा वाजत असताना, परिपत्रक कोणाला आठवत नाही. शिवाय या नर्सने लेबल वाचलंच होतं, म्हणून तर रुग्ण वाचला. फळ्यावरचे जवळपास सगळे उपाय सर्वांत खालच्या रांगेत बसले.

मग सगळे वॉर्डात गेलो. तिथे जाण्याआधी मी एकच अट घालते: ‘असं का नाही केलंत?’ विचारायचं नाही, फक्त ‘दाखवाल का?’ म्हणायचं. वरिष्ठांच्या तोंडचा पहिल्या जातीचा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस नियम म्हणून दाखवतो. नियम फायलीत असतातच. पाहायचं असतं ते रोजचं काम.

संचालकांनी विचारलं, “सिस्टर, रात्री फ्लश कसा करता ते दाखवाल का?” इनचार्ज सिस्टरनी ड्रॉवर उघडला. आत कप्पे होते, पण रात्रीचा साठा जास्त झाल्यामुळे मधली एक पट्टी काढून टाकलेली. डावीकडे सलाईन, उजवीकडे केसीएल, मध्ये दोन्ही मिसळलेली. रुग्णांची झोप मोडू नये म्हणून ट्रॉलीवरचा दिवा रात्री बंद ठेवतात, उजेड येतो तो कॉरिडॉरमधून. सिस्टरनी पडदे ओढून दिवे मालवले. “सर, आठनंतर फार्मसी बंद असते,” त्या म्हणाल्या. “मध्यरात्री कोणाचं पोटॅशियम कमी आलं तर आणायचं कुठून? म्हणून ठेवावं लागतं.”

खरेदीप्रमुखांनी दोन्ही ॲम्प्यूल हातात घेतल्या. दोन्ही पारदर्शक, उंची एक, वरची पिळायची टोपी एक. नाव प्लास्टिकवरच उठवलेलं, छपाई फिकट. हातभर अंतरावरून त्यांना ओळखता येईना. डोळ्यांजवळ नेऊन, उजेडाकडे कलती धरून त्यांनी वाचलं आणि म्हणाले, “ही मीच मंजूर केली आहे.”

त्यानंतर वॉर्डातच उभ्या उभ्या जे बोलणं झालं, त्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. मनुष्यबळ कमी पडलं तेव्हा रात्री फार्मसी बंद ठेवून वॉर्डांना साठा द्यायचा, हा फार्मसीप्रमुखांच्या सहीचा निर्णय. जुन्या पुरवठादाराकडे माल संपला म्हणून नवा निवडला, ती खरेदीप्रमुखांची सही. तुलनेच्या तक्त्यात तीव्रता, किंमत, मुदत हे रकाने होते, ‘दुसऱ्या कोणत्या औषधासारखं दिसतं का?’ हा रकाना नव्हता. आधीच पातळ केलेल्या पोटॅशियमच्या पिशव्यांचा प्रस्ताव वित्त विभागाने परत पाठवला होता, कारण नगाला नग लावून पिशवी महाग दिसत होती. नर्सचा वेळ, वाया जाणारी औषधं आणि धोका त्या हिशेबात धरलेलेच नव्हते. चौथी सही मेट्रनची. जोखमीच्या औषधांना दोन नर्सनी तपासण्याचा त्यांचा नियम चोख होता, पण तो डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांना लागू. फ्लशला ऑर्डर नसते, त्यामुळे दुसरी नजरही नसते.

चारही निर्णय आपापल्या फायलीत रास्त होते, कोणीच हलगर्जी केलेली नव्हती. त्या चार फायली एका ड्रॉवरमध्ये येऊन मिळाल्या, आणि सगळ्यांच्या खाली उभ्या असलेल्या नर्सने ते ओळखलं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी अशा वरून येणाऱ्या, वर्षानुवर्षं न दिसता पडून राहणाऱ्या दोषांना सुप्त दोष म्हटलं. ते काढणं वॉर्डातल्या माणसाच्या हातात नसतं. ज्याची सही, त्यालाच ते काढता येतात. वरिष्ठांच्या प्रशिक्षणाचा मला दिसणारा सगळा अर्थ हाच आहे.

दुपारी फळ्यावर थोडं गणित केलं. डॉक्टरांनी औषध लिहिण्यापासून ते शिरेत जाईपर्यंत २० पायऱ्या धरा. प्रत्येक पायरी ९५ टक्के वेळा बरोबर झाली, तर सगळ्या २० बरोबर होण्याचं प्रमाण जेमतेम ३६ टक्के. प्रत्येक पायरी ९९ टक्क्यांवर नेली तरी ८२. ९९.९ टक्क्यांवर नेली तर ९८. चुकलेली प्रत्येक पायरी रुग्णाला इजा करत नाही, पुढे कुठेतरी सापडते. पण ‘आमची माणसं चांगली आहेत’ एवढ्या भरवशावर कारभार का चालत नाही ते या तीन आकड्यांत कळतं. म्हणून पायऱ्या कमी करायच्या आणि मधल्या तपासण्या खऱ्या ठेवायच्या.

खरी तपासणी कशाला म्हणायचं, यावर मेट्रनशी बराच वेळ बोलणं झालं. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घ्या. पहिली नर्स म्हणते, “हेपरिन पाच हजार, बरोबर ना?” आणि दुसरी मान डोलावते; दोन सह्या होतात, तपासणी एकच होते, कारण उत्तर आधीच कानावर पडलेलं असतं. स्वतंत्र तपासणीत दुसरी नर्स ऑर्डर स्वतः वाचते, मात्रा आणि वेग कागदावर स्वतः काढते, बाटली, पंप आणि रुग्णाच्या मनगटावरचा नावाचा पट्टा स्वतः पाहते, आणि मगच दोन उत्तरं शेजारी ठेवतात. शंभरात एक चूक निसटू देणाऱ्या दोन तपासण्या खरोखर स्वतंत्र असतील तर दहा हजारांत एक निसटते. एकीला पाहून दुसरी झाली तर शंभरात एकच. याला वेळ लागतो, म्हणून ही तपासणी प्रत्येक औषधाला लावू नये. पन्नास औषधांना लावली की पन्नासही ठिकाणी नुसत्या सह्या होतात. इन्सुलिन, हेपरिन, केमोथेरपी, ओपिऑइडचे (अफूवर्गीय वेदनाशामकांचे) पंप अशा मोजक्या ठिकाणी ती लावावी आणि तिथे नीट करवून घ्यावी.

वरिष्ठांचा वाटा किती मोठा असतो, याचं एक नोंदलेलं उदाहरण अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचं आहे. मोठ्या शिरेतल्या कॅथेटरमुळे (नळीमुळे) होणारा जंतुसंसर्ग कमी करण्यासाठी डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांच्या गटाने १०० हून अधिक अतिदक्षता विभागांत काम केलं. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले: हजार कॅथेटर-दिवसांमागे (एका रुग्णात कॅथेटर एक दिवस राहिला की एक कॅथेटर-दिवस) संसर्गाचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २.७ होता, तो तीन महिन्यांत शून्यावर आला आणि टिकला. पाच गोष्टींची यादी सगळ्यांना पाठ असते: हात धुणं, पूर्ण निर्जंतुक आच्छादन, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करणं, जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच कॅथेटर काढणं. यादीमागची व्यवस्था मात्र सांगितली जात नाही. सगळं साहित्य एका गाडीवर ठेवलं, म्हणजे नर्सला ते गोळा करत फिरावं लागेना. पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवायचा अधिकार नर्सला दिला, आणि तो वापरल्यावर वरिष्ठ तिच्या मागे उभे राहिले. गाडी आणि अधिकार काढून घेतले तर उरतो तो पाच ओळींचा कागद.

वॉर्डातल्या ॲम्प्यूलचं काय करायचं, हे सायंकाळपर्यंत ठरलं. केसीएलच्या ॲम्प्यूल सामान्य वॉर्डांतून त्याच दिवशी परत घ्यायच्या. अतिदक्षता विभागात ठेवायच्या, पण कुलपात, सलाईनपासून लांब, ‘पातळ करूनच द्या’ अशा ठळक पट्टीसह. वॉर्डांसाठी तयार पिशव्या, एकाच तीव्रतेच्या. फ्लशसाठी आधीच भरलेल्या सलाईनच्या सिरिंज, म्हणजे रात्री ॲम्प्यूल उघडायची वेळच येणार नाही. खरेदीच्या तक्त्यात एक रकाना वाढवायचा, आणि नवा नमुना मंजुरीआधी एखाद्या स्टाफ नर्सने मंद उजेडात हातभर अंतरावरून वाचून दाखवायचा. खरेदीप्रमुखांनी ही अट स्वतः सुचवली. प्रत्येक उपायापुढे एका व्यक्तीचं नाव आणि तारीख लिहिली. ‘संबंधित विभाग’ असं लिहिलेली कामं होत नाहीत.

यातली बिघडणारी जागा मी आधीच दाखवून ठेवते. ॲम्प्यूल काढून घेतल्या आणि रात्री पिशवी यायला दोन तास लागले, तर पंधरवड्यात वॉर्डात लपवलेला साठा तयार होतो: कपाटाच्या मागे, क्रॅश कार्टच्या (तातडीच्या औषधांच्या गाडीच्या) तळाशी, कधी एप्रनच्या खिशात. ती बेशिस्त नसते, पोटॅशियम घसरलेल्या रुग्णाची काळजी असते. म्हणून मोजायचं ते असं: रात्री मागणी केल्यापासून पिशवी वॉर्डात पोहोचेपर्यंत किती मिनिटं लागली. त्या रुग्णालयाने ३० मिनिटांची मर्यादा ठरवली आणि फार्मसीत रात्री एक माणूस ठेवायचं पद वित्त अधिकाऱ्यांनी तिथेच मान्य केलं. सोबत आठवड्यातून एकदा न सांगता ड्रॉवर पाहणं, आणि साठा सापडला तर पहिला प्रश्न ‘पिशवी वेळेवर येत नाही का?’ हाच.

आणखी एक तयारी वरिष्ठांची करून घ्यावी लागते. असं काम सुरू झालं की थोडक्यात टळलेल्या घटनांच्या नोंदी वाढतात, आणि संचालक मंडळाला वाटतं की रुग्णालय बिघडलं. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांना १९९० च्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना दिसलं होतं की चांगल्या संघांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे माणसं बोलत होती. त्यामुळे नोंदींची संख्या कमी करण्याचं उद्दिष्ट कोणत्याही विभागप्रमुखाला देऊ नये. दिलं की फॉर्म येणं थांबतं, घटना थांबत नाहीत. दोन आकडे वेगळे ठेवावेत: नोंदी किती आल्या, हा वाढला तर चांगला, आणि इजा किती रुग्णांना झाली, हा घटला पाहिजे. दरमहाच्या आकड्यांचे ठिपके आलेखावर मध्यकाच्या रेषेसह काढावेत. एका महिन्याच्या चढउतारावर कोणाला बोलवू नये, सलग सहा ठिपके रेषेच्या एकाच बाजूला गेले तर काहीतरी खरंच बदललं आहे असं धरावं.

नोंद करणाऱ्याला उत्तर मिळण्याची मुदत ४८ तास ठरली. नुसती पोच पुरत नाही. काय पाहिलं, काय बदललं आणि काय बदलता आलं नाही, हे तिन्ही त्यात हवं. त्या नर्सचं उत्तर संचालकांनी स्वतः लिहिलं. त्यात एक ओळ मी मुद्दाम ठेवायला सांगितली: तयार पिशव्यांचा पहिला साठा यायला वेळ लागेल, तोवर रात्री केसीएल फक्त अतिदक्षता विभागातून, तिथल्या नर्सने पातळ करून दिलेलंच मिळेल. पुढच्या महिन्यात याच पद्धतीने इन्सुलिनचा मार्ग पाहायचा आहे.